नवसाची तारीख

आमच्या गोठ्यात एक पांढरा बैल उभा असतो. औताला त्याला कधी जुंपलं नाही, गाडीला नाही, आणि ज्या कामासाठी वाढवला तेही त्याच्याकडून झालं नाही. लोक विचारतात, आबा, ह्याला कशाला पोसता? मी म्हणतो, तुझ्या बापाचं काय जातं? असं बोललं की माणूस परत विचारत नाही. माझी बायको असती तर तिनं बसवून, चहा देऊन, नीट सांगितलं असतं. ती गेल्यापासून घरात नीट सांगणारं कोणी नाही, म्हणून मीच लिहायला बसलो. चौथीपर्यंत शाळा झाली आहे. चुकलं तर चुकलं.

सुरुवात सापापासून आहे. दुपारी बांधावरचं गवत कापत होतो, हाताला नाग चावला. पुढचं मला काही आठवत नाही. पोरानं मोटारसायकलवर मधे धरून दवाखान्यात नेलं म्हणतात. मी तिथं मेल्यासारखा पडलो होतो तेव्हा बायको बाहेर व्हरांड्यात आमच्या गावाच्या दिशेला तोंड करून उभी राहिली आणि खंडोबाला नवस बोलली. म्हणाली, हे उठून घरी आले तर घरच्या खोंडाचा गाडा तुझ्या घाटात पळवीन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या जुन्नर-आंबेगावकडं कोणी पेढ्याचा नवस बोलतं, कोणी नारळाचं तोरण बोलतं, पण मोठं मागणं असलं की गाड्याचा नवस. घाट म्हणजे देवळाजवळचा चढ. चार बैल, मागं हलकं लाकडी छकडं, छकड्यावर माणूस नाही. पुढं घोडी सुटते आणि तिच्यामागं बैल. त्याला बारी म्हणायचं. बघणाऱ्यानं तंबाखू चोळायला घेतली तर तोंडात टाकायच्या आत बारी संपलेली असते.

मला हे जीपमधून घरी येताना कळलं.

"नवस बोललेय मी," ती म्हणाली.

"नारळाचा?"

"गाड्याचा."

"अगं येडी का खुळी तू? गाड्याचा बैल आपल्याकडं कुठंय?"

"खोंड हाय की."

"ते? ते आजून आयशीला ढुशा देतंय."

"मंग देव काय उद्याच मागतोय व्हय? आन् तीन बैल पावण्यांकडनं आणू. एक घरचा पायजे, एवढंच बोललेय. आन् काठी लावायची न्हाई. शेपटी पिरगाळायची न्हाई. पळला तर पळला."

"हे बी देवाला सांगितलं?"

"आदी हेच सांगितलं."

जीपवाला हसायला लागला. म्हणाला, "मावशी, काठीबिगर बैल पळला तर मला बोलवा. मी जीप इकून बैल घेतो."

"तुला जीपच धड पळवता येत न्हाई भाऊ, बैल काय पळवशील," ती म्हणाली. मी मागच्या सीटवर आडवा होतो, हात सुजून दुधी भोपळ्याएवढा झालेला, तरी हसलो.

मग ती त्या खोंडाच्या मागं लागली. सकाळी बाजरीच्या पिठाचे उंडे, संध्याकाळी गूळ. माझ्या चहात साखर कमी पडली तर चालत होतं, त्याचा गूळ चुकायचा नाही. पळायला शिकवायची तिची रीतही तिचीच होती. गाडेवाले लोक बैल घोडीमागं धावायला शिकवतात, मागून आरडतात, मारतात. ही आमच्या वरच्या पडीक वावराच्या टोकाला जाऊन उभी राहायची, पदरात गुळाचा खडा धरून, आणि तिथून हाक मारायची. "ये बाळा, ये ये ये." मी खाली कासरा सोडला की ते खोंड जे सुटायचं ते थेट तिच्या पदराला जाऊन तोंड लावायचं. पावणे बघायला आले, गाड्याच्या नादातले जुने लोक. त्यातला एक म्हणाला, "आबा, बैलाला वेग हाय. पण घाटात वर वहिनीला उभी करावी लागंल."

"करू की," मी म्हणालो. "माझ्याकडं बी ती हाक मारल्याबिगर कोण येतंय?"

बैल तयार झाला. तिनं त्याच्यासाठी झूल शिवली. स्वतःच्या लग्नातला हिरवा शालू फाडला आणि कडेला काचेचे गोल टिकल्यांसारखे लावले. मी म्हणालो, शालू कशाला फाडला? ती म्हणाली, आता कोण लगीन लावतंय माझ्याशी?

यात्रा तोंडावर आली आणि दिल्लीहून निकाल आला. सुप्रीम कोर्टानं गाडे बंद केले. बैल हा पळायला केलेला प्राणी नाही, त्याला पळवणं म्हणजे त्याचे हाल, असं कोर्ट म्हणालं. गावात मांडव पडला होता, भोंगे लागले होते. पोलीस आले आणि घाटाच्या तोंडाशी खुर्च्या टाकून बसले. लोक लई चिडले. माझं डोकं तर असं फिरलं की मी त्या पोलिसालाच म्हणालो, तुझं कोर्ट कुठंय, दाखव. तो बिचारा आमच्याच शेजारच्या गावचा. म्हणाला, "आबा, माझ्या सासऱ्याचेच चार बैल दावणीला हायेत. मी काय सांगू तुमाला?"

तिच्या बहिणीचा मुलगा वकील आहे, घोडेगावच्या कोर्टात असतो. तो यात्रेचं जेवायला आला तेव्हा तिनं त्याला वाढता वाढता धरलं.

"तू घोडेगावला अर्ज कर की. म्हणावं एकच बारी. नवसाची."

"मावशी, घोडेगावला काही होत नाही. पुण्याला नाही, मुंबईलाही नाही. हे सगळ्यात वरचं कोर्ट आहे. ते जे बोललं ते खालच्या सगळ्या कोर्टांना पाळावं लागतं. तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना."

"मंत्र्याला बी?"

"मंत्र्याला बी. सरकारनं केलेला कायदा घटनेत बसत नसंल तर तो सुद्धा ते रद्द करू शकतं."

"आन् त्याच्यावर कोण?"

"त्याच्यावर कोणी नाही. फार तर त्यालाच परत विचारता येतं की बाबा, पुन्हा बघ."

तिनं त्याच्या ताटात अजून एक पोळी टाकली. मला वाटलं आता ही कोर्टाला शिव्या देणार. मी वाटच बघत होतो. ती म्हणाली, "न्हाई पण बोललं ते खरं बोललं कोर्ट. मी बघितलंय की. शेपटीला चावत्यात, दारू पाजत्यात, खिळे टोचत्यात. त्या मुक्या जनावरांचं आजवर कोणी ऐकलं न्हाई. त्यांनी ऐकलं."

"मंग तू त्यांच्या बाजूची का देवाच्या?" मी म्हणालो.

"मी दोघांच्या बी बाजूची. कोर्टाचं बी खरं, माझं बी खरं. मी कुठं मारून पळवणार हाय?"

वकील भाचा हसला. पण मी बघितलं, तो पोळी मोडायची थांबला होता. जाताना दारात मला म्हणाला, "काका, असा मुद्दा तिथं कोणी मांडला असेल का, मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं बैलाला धुतलं, झूल घातली आणि देवळात घेऊन गेली. मी मागं. घाट मोकळा, पोलीस सावलीला बसलेले. तिनं बैलाच्या कपाळाला भंडारा लावला, उरलेला पायरीवर उधळला आणि देवाला मोठ्यानं सांगितलं, "देवा, आमचं प्रकरण दिल्लीला अडकलंय. माझ्याकडनं काय कसूर न्हाई. पुढची तारीख दे."

गुरव पोट धरून हसला. "वहिनी, देवळात तारीख मिळत न्हाई."

"तू गप रं. तुझ्याकडं मागितलीच न्हाई."

त्यानंतर दरवर्षी यात्रेला ती अशीच तारीख मागायला जायची. बैल धुवायचा, झूल घालायची, भंडारा, आणि तारीख दे. पहिल्यांदा लोक हसले. मग इतर दोन-तीन घरच्या बायका, ज्यांचे गाड्याचे नवस असेच अडकले होते, त्याही येऊन हिच्या मागं उभ्या राहायला लागल्या. हिनं तारीख मागितली की त्या म्हणायच्या, आमची बी.

चोरून गाडे पळत होते. डोंगराच्या आडाला, पोलीस उठायच्या आत. मला निरोप आला, या, तुमची बी बारी उरकून टाका. मी तिला सांगितलं. वाटलं खूश होईल. ती म्हणाली, "चोरून फेडलेला नवस देवाला कसा पोचंल? त्याला काय मागल्या दारानं देयाचं व्हय?" संपलं.

बंदीत बैलांचे भाव पडले. पोरगं म्हणालं, आबा, विकून टाका, खातोय निस्ता. त्याचंही खोटं नव्हतं. तो नोकरीपायी चाकणला, सुट्टीला यायचा आणि वैरणीचा ढीग बघायचा. मी बैल टेम्पोत घातला आणि बेल्ह्याच्या बाजाराला निघालो, तर ही झूल काखेत मारून टेम्पोत येऊन बसली. मला वाटलं निरोप द्यायला येतेय.

बाजारात आम्ही जागा धरली. व्यापारी यायचे, बैलाच्या पाठीवर हात फिरवायचे, दात बघायचे. "काय सांगता आबा?" मी तोंड उघडायच्या आत ही किंमत सांगायची. काय किंमत? त्यात नवा ट्रॅक्टर आला असता, ट्रॉलीसकट. एक व्यापारी तर मागं सरला. म्हणाला, "मावशी, बैल सोन्याचा हाय का?"

"हात लावून बघा."

"बंदी हाय, ठावं हाय ना?"

"बंदी उठल्यावर किंमत डबल व्हईल. आत्ता सस्त्यात सांगतेय."

तो मला म्हणाला, "पावणं, तुमी बैल इकायला आलाय का मावशीला बाजार दाखवायला?" बाजूचे सगळे हसले. मलाही राग यायच्या ऐवजी हसू आलं. दिवस कलल्यावर आम्ही भेळ खाल्ली आणि बैल परत आणला. टेम्पोवाला म्हणाला, भाडं येताना अर्धंच द्या, आज लई करमणूक झाली.

मधे एकदा सरकारनं नवा कायदा केला, गाडे पळवायला मोकळीक दिली. गावात फटाके फुटले. हिनं झूल उन्हात टाकली, टिकल्या नव्यानं शिवल्या. तर मुंबईच्या कोर्टानं परवानगी द्यायलाच मनाई केली, आणि प्रकरण पुन्हा दिल्लीला. झूल परत पेटीत. मी तिला म्हणालो, सोड आता, देवाला कळतं. ती म्हणाली, "देवाला कळतं वो. पण मी दिलेला शबुद हाय."

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी घरगुती करत बसली. ओवा, हिंग. पुण्याला नेली तेव्हा पोटातली गाठ मोठी झाली होती. डॉक्टर चांगला होता, खोटं बोलला नाही. घरी घेऊन जा म्हणाला.

खाट गोठ्याच्या बाजूला टाकून घेतली तिनं. तिथून बैल दिसायचा. बैल दावं ताणून मान पुढं करायचा आणि ती पडल्या पडल्या हात लांब करायची, हात पोचायचा नाही. मग मी दावं सैल केलं.

एक दिवस मी तिच्या तोंडात पेजेचा चमचा धरला होता. ती म्हणाली, "एक सांगू का? बरं झालं."

"काय बरं झालं?"

"देवानं धरायचं तर मला धरलं. मला भ्या वाटत व्हतं, नवस राह्यला म्हून तुमाला परत नेतोय का काय. नवस तुमच्यापायी व्हता ना. एवढी वर्सं मी रोज सापाच्या भ्यानं तुमच्या मागं वावरात येत व्हते. तुमाला वाटायचं, ही का येती मागं मागं."

मी तिला रागावलो. चमचा वाटीत टाकला आणि म्हणालो, गप पड, काय बी बरळतीस. हे आमचं शेवटचं धड बोलणं. पुढं तिला बोलवेना. आता मी वावरात जातो तेव्हा मधेच मागं वळून बघतो. मोकळा बांध असतो.

ती गेली ते भर उन्हाळ्यात. त्याच वर्षी थंडीत दिल्लीच्या कोर्टानं अटी घालून गाडे पळवायला दिले, शेवटचा निकाल लागेपर्यंत. लोक मला सांगायला धावत आले. मी त्यांना घरातून हाकललं. त्या यात्रेला मी गेलो नाही. घरात बसून भोंगा ऐकला.

आणखी एका उन्हाळ्यात वकील भाच्याचा फोन आला. "काका, लागला निकाल. पाच जज बसले होते. आपला कायदा टिकला."

"मंग आदी बंद केले तवा कोर्ट चुकलं व्हतं का?"

"नाही काका. तेव्हा कायदा वेगळा होता, त्या कायद्यानं ते बरोबर. मग राज्यानं कायदा बदलला, मारायचं नाही, टोचायचं नाही, डॉक्टरनं तपासल्याशिवाय सोडायचं नाही. आता हे बरोबर. कोर्ट कायदा करत नाही, आहे त्या कायद्याचा अर्थ लावतं."

"तवा बी बरोबर, आता बी बरोबर."

"हो."

"मारायचं न्हाई, टोचायचं न्हाई. हे तर तुझी मावशी जीपमधी बसून बोलली व्हती."

मीच पुढं विचारलं.

"मंग मदली वर्सं कुणाची चुकली, ते बी लिव्हलंय का निकालात?"

"काका," तो म्हणाला, आणि फोनवर नुसता त्याचा श्वास ऐकू यायला लागला. पोरगं रडतंय हे कळल्यावर मी फोन ठेवला. त्याच्यावर कशाला ओरडायचं? त्यानं काय केलंय?

आमची यात्रा आली. गावानं ठरवलं, पहिली बारी आबांची. वहिनींचा नवस आहे, बाकीचे तीन बैल आम्ही देतो. मी हो म्हणालो. बैल बाहेर काढला, वरच्या वावराच्या खाली उभा केला, शेजाऱ्याला कासरा धरायला सांगितला आणि मी टोकाला जाऊन उभा राहिलो, धोतरात गूळ धरून. हाक मारली. ये बाळा. माझ्या तोंडून ती हाक अशी निघाली की मलाच लाज वाटली. शेजाऱ्यानं कासरा सोडला. बैल चार पावलं आला, थांबला. माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या बाजूला, ती उभी राहायची तिथं बघत राहिला. मग खाली मान घालून गवत खायला लागला.

तरी यात्रेला नेला. झूल घातली. घाटाच्या खाली सरकारी जनावरांची डॉक्टरीण तपासत होती, आमच्या सुनेच्या वयाची. तिनं नळी लावून छाती ऐकली, गुडघे दाबले, दात बघितले. म्हणाली, "बाबा, याचं वय झालंय. गुडघ्यात पण धरलंय. मी याला सोडू शकत नाही."

"एकच बारी हाय. नवसाची."

"घाटात पडला तर? तुम्हीच सांगा."

यात्रा कमिटीतला एक जण मधे पडला. "म्याडम, वरनं कोर्टानं परवानगी दिलीय."

"कोर्टानंच तपासायला सांगितलंय ना," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. बैलाच्या मानेवर हात ठेवूनच बोलत होती.

मला भांडायचं होतं. तोंडात शिवी आली होती. पण तिचा तो हात बघितला आणि ती गिळली. माझी बायको तिथं असती आणि तिला विचारलं असतं, सोडू का बैल, तर तिनंही हेच सांगितलं असतं. एवढी वर्षं थांबून, शालू फाडून, हेच सांगितलं असतं.

"आबा, ऱ्हाऊ द्या," कमिटीवाला म्हणाला, "माझा बैल घ्या. तुमच्या नावानं सोडू. देव काय बैलाचं आधार कार्ड बघतोय व्हय?"

"घरचा बोलली व्हती," मी म्हणालो.

पहिली बारी दुसऱ्याची झाली. घोडी सुटली, बैल सुटले, भोंग्यावरचा ओरडायला लागला, सगळा घाट उभा राहिला. मी बैलाला गर्दीच्या कडेनं देवळाकडं घेतलं. तो आवाजाला बुजला नाही. ऐकूही कमी येत असेल.

गुरव आता म्हातारा झाला आहे, माझ्यासारखाच. मी पायरीशी बैल उभा केलेला बघून तो बाहेर आला. सगळं त्याला आधीच कळलं होतं. म्हणाला, "आबा, बसा. मी काय सांगतो ते ऐका. नवस बोलणारी गेली, तितंच नवस फिटला. देव गेलेल्या माणसावर दावा चालवत न्हाई. नारळ फोडा, बैलाच्या पायावर पाणी घाला, आजच्या आज मोकळं व्हा. निकाली काढू."

तो चांगल्या मनानंच बोलत होता. नारळही त्यानंच आणून हातात दिला. मी तो धरून उभा राहिलो. पलीकडं दुसऱ्या बारीची हाळी सुरू झाली होती.

मला कोर्टातलं कळत नाही. पण निकाल लागला की फाईल बांधून ठेवतात आणि लोक आपापल्या घरी जातात, एवढं भाच्याकडून ऐकलं आहे. मी घरी कुठं जाऊ? चूल पोरगं आणि सून आल्यावर पेटते. तिचं म्हणून या जगात अजून चालू असलेलं हे एकच प्रकरण आहे. बाकी सगळं मिटलं. रेशनकार्डावरून नाव गेलं, बँकेतून गेलं. ह्या पायरीवर मात्र तिचं काम अजून पडून आहे, आणि ते पडून आहे तोवर देवाला तिचं नाव लक्षात ठेवावं लागतं.

मी नारळ गुरवाला परत दिला.

"न्हाई फोडायचा?"

"न्हाई."

बैलाच्या कपाळाला भंडारा लावला. ती दोन बोटांनी लावायची, मी तसाच लावला. उरलेला पायरीवर उधळला. मागं दोन म्हाताऱ्या येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला माहीत नव्हतं. आणि मी देवाला मोठ्यानं सांगितलं, तिच्याच शब्दात, कारण माझे मला सुचेनात. "देवा, माझ्याकडनं काय कसूर न्हाई. पुढची तारीख दे."

"आबा," गुरव म्हणाला, "आता तारीख घेऊन काय करणार? बैल काय तरणा व्हणार हाय का?"

"तू गप रं," मी म्हणालो. "तुझ्याकडं मागितलीच न्हाई."

मागून एक म्हातारी म्हणाली, आमची बी.

घरी येईपर्यंत झूल एका बाजूला घसरली होती. बैल मधे मधे थांबत होता, मी थांबत होतो.